संध्याकाळची चिलटं आणि मेंढरांचा जीव : एक तातडीचं आवाहन

मेंढपाळ दादा-वहिनींनो, आपल्या रानात मेंढरं बसवून घेणाऱ्या शेतकऱ्यांनो, सरपंच आणि ग्रामसेवकांनो, आणि वाड्यावस्तीवरच्या शिकलेल्या मुलामुलींनो,

रोहिणी लागली आहे. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेलेले आणि बागायती पट्ट्यात हिंडणारे मेंढपाळांचे वाडे आता माघारी निघाले आहेत. फलटण, माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर, संगमनेर हा सगळा बेताच्या पावसाचा मुलूख. त्याच्या माळांवर आणि गायरानांत मेंढरं पावसाळा काढतील. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या राज्यात २५ लाखांहून जास्त मेंढ्या मोजल्या गेल्या. या मेंढरांना यंदाच्या पावसाळ्यात एका रक्तपित्या किड्यापासून धोका आहे, आणि तो टाळायला आपल्या हाती आता थोडेच आठवडे उरले आहेत. एकदा झड लागली, वाघरीच्या जाळीभोवती चिखल झाला आणि संध्याकाळी मेंढरांच्या तोंडाभोवती चिलटं घोंघावू लागली, की मग आपण फक्त आजारी मेंढरांची सेवा करू शकतो. आत्ता मात्र रोगच अडवता येतो.

हा किडा डास नाही, गोमाशीही नाही. मोहरीच्या दाण्याएवढं हे चिलट लांबीला एक ते तीन मिलिमीटर असतं. शास्त्रज्ञ त्याच्या कुळाला क्युलिकॉइड्स म्हणतात. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ते सहज आत शिरतं. नर चावत नाही. मादीला अंडी घालण्यासाठी रक्त लागतं, आणि ते ती जनावरांकडून घेते. मेंढीच्या अंगावर लोकर असल्यामुळे चिलटाच्या मादीचा चावा पडतो तोंडावर, कानांवर, पोटाखाली, कासेवर, जिथे कातडी उघडी असते तिथे. दिवस मावळताना आणि पहाटे तिचा जोर जास्त. पाणी साठलेल्या खड्ड्याच्या कडेला, शेण मिसळलेल्या ओल्या मातीत, गोठ्यामागच्या चिखलात तिची अंडी वाढतात. म्हणजे आपण पावसाळ्यात जनावरं जिथे बांधतो, नेमकं तिथेच.

नुसत्या चाव्यानं मेंढी मरत नाही. पण ही चिलटं एक विषाणू वाहून आणतात, आणि त्यातून होतो ब्लू टंग, म्हणजे निळ्या जिभेचा रोग. चिलटानं आजारी जनावराचं रक्त प्यायलं की विषाणू त्याच्या पोटात उतरतो, तिथे वाढतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत त्याच्या लाळेत येऊन पोहोचतो. हवा उबदार असेल तर आणखी लवकर. त्यानंतर ते चिलट जिवंत असेपर्यंत ज्या ज्या मेंढीला चावेल तिला रोग देऊ शकतं. मेंढीच्या शरीरात गेल्यावर हा विषाणू बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर घाव घालतो. वाहिन्या पाझरू लागतात, आणि म्हणून तोंड सुजतं, ओठ सुजतात, खुराच्या वरची कातडी लाल होते, मेंढी लंगडते.

आजाराची खूण कशी ओळखायची ते नीट सांगतो, कारण पहिल्या मेंढीतच हा रोग ओळखला गेला पाहिजे. चिलट चावल्यानंतर साधारण आठवडाभरात मेंढीला सणकून ताप भरतो, १०६ अंश फॅरनहाइटच्याही वर जातो. ती कळपाच्या मागे राहते, चरायचं सोडते. नाकातून आधी पाण्यासारखा आणि मग घट्ट शेंबूड येतो, तो नाकपुडीवर वाळून खपली धरतो. तोंडातून लाळ गळते. ओठ, गाल, कधी जबड्याखालचा भाग सुजतो. हिरड्यांवर आणि जिभेवर व्रण पडतात. खुराच्या वर, केस आणि खूर जिथे मिळतात तिथे लाल-जांभळी रेघ उमटते, मेंढी पाय टेकवायला भिते, काही मेंढ्या गुडघ्यांवर चालतात. काहींची मान वाकडी होते. गाभण मेंढ्या गाभडतात. जगलेल्या मेंढ्यांची लोकर पुढे गळून पडते, त्या खंगतात आणि सावरायला कित्येक आठवडे घेतात. जीभ खरोखर निळी पडते ती थोड्याच मेंढ्यांची, आणि ती पडेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून जीभ निळी होण्याची वाट कुणीही पाहू नये.

आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. तोंड आलं, लाळ गळते, लंगडते, म्हणजे लाळ्या-खुरकूत, असं धरून घरगुती उपाय सुरू होतात. किंवा शेंबूड आणि ताप दिसला की पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग समजून जवळच्या औषधाच्या दुकानातून इंजेक्शनं आणली जातात. या रोगांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, हे खरं आहे. पण काही गोष्टी बघता येतात. लाळ्या-खुरकूत असेल तर त्याच गावातल्या गाई-बैलांच्या तोंडातही फोड दिसतात. निळ्या जिभेच्या साथीत गाई-बैल बहुतेक ठणठणीत दिसतात आणि मेंढ्याच लोळतात. पीपीआरमध्ये शेळ्या जास्त आजारी पडतात आणि हगवण ठळक असते. निळ्या जिभेत चेहऱ्याची सूज आणि खुरावरची लाल रेघ ठळक. तरीही पक्कं निदान डोळ्यांनी होत नाही, ते रक्त तपासूनच होतं. ताप असतानाच्या रक्ताचा नमुना पशुवैद्यकांनी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पुण्याला पशुरोग अन्वेषण विभाग आहे तो याच कामासाठी.

गाई-बैल ठणठणीत दिसतात, असं वर म्हटलं. त्यातच या रोगाची मेख आहे. गाई-म्हशींच्या रक्तात हा विषाणू कित्येक आठवडे राहू शकतो, आणि त्या मात्र खात-पीत, दूध देत उभ्या असतात. त्यांना चावलेली चिलटं तिथून विषाणू उचलतात. म्हणून मेंढरं गोठ्याला लागून, उकिरड्याच्या शेजारी रात्री कोंडू नयेत. यात कुणाच्या गाईचा दोष नाही, कुणी कुणाशी भांडायचंही नाही. फक्त रात्रीचा तळ थोडा दूर आणि कोरड्या जागी पडावा.

हा रोग परका नाही, नवाही नाही. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ साली झाली, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातल्या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीची होती. सप्रे यांनी ती प्रसिद्ध केली. साठ वर्षांहून अधिक काळ तो इथे आहे. आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या मेंढपाळांनी त्याच्या मोठ्या साथी सोसल्या आहेत, आणि दख्खनच्या पठारावर वाडे राज्याच्या सीमा बघून चालत नाहीत. दक्षिण भारतात त्याचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत असतो, म्हणजे आपल्या भाद्रपद ते कार्तिकाच्या दिवसांत. इतकी वर्षं होऊनही अनेक वाड्यांवर या रोगाचं नाव माहीत नाही. मेंढरं ‘साथीनं गेली’ एवढंच म्हटलं जातं. मला हे असह्य वाटतं. ज्या घराचा सगळा संसार घोडीवर बांधलेला असतो आणि सगळी मिळकत मेंढरांत असते, त्या घराला निदान शत्रूचं नाव तरी कळलं पाहिजे.

चिलटंच हा रोग वाहतात हे १९४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ऑन्डरस्टपोर्टच्या संशोधन संस्थेत डु टॉइट यांनी दाखवून दिलं. त्याआधी संशय डासांवर होता. पण अंगावर रक्त पिणारा प्रत्येक किडा रोग देतोच असं नसतं. थंड मुलखातल्या मेंढ्यांच्या लोकरीत एक बिनपंखी माशी राहते, तीही रक्त पिते. तिच्या शरीरात निरनिराळे जंतू सापडले आहेत, पण जंतू सापडला म्हणजे तिनं तो दुसऱ्या मेंढीला दिला, असं सिद्ध होत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण भीतीपोटी लोक दिसेल त्या किड्यावर दिसेल ते औषध मारतात. चिलटांच्या बाबतीत मात्र शंकेला जागा उरलेली नाही.

आता लशीविषयी, कारण या आवाहनाचं पहिलं मागणं तेच आहे. निळ्या जिभेच्या विषाणूचे चोवीसहून जास्त उपप्रकार आहेत, आणि एका उपप्रकारातून वाचलेली मेंढी दुसऱ्यापासून वाचेलच असं नाही. म्हणूनच गेल्या वर्षी आजारी पडून बरा झालेला कळप यंदा सुरक्षित आहे, असं समजू नका. आपल्या देशात या रोगावर अनेक विद्यापीठं आणि संशोधन संस्थांनी मिळून काम केलं आणि आपल्याकडच्या पाच उपप्रकारांवर चालणारी लस तयार केली. ती मेलेल्या विषाणूची लस आहे, म्हणजे तिच्यातून रोग पसरण्याची भीती नाही. टोचल्यानंतर अंगात ताकद तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून ती टोचायची वेळ आत्ता आहे, मेंढरं घरच्या मुलखात परतत असताना, पाऊस स्थिर होण्याच्या आत. कोकरांना कोणत्या वयात, गाभण मेंढ्यांना केव्हा, पुन्हा डोस लागेल का, हे तुमच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा. लाळ्या-खुरकूत आणि पीपीआरच्या लशी सरकारी मोहिमांतून दारापर्यंत येतात. निळ्या जिभेची लस मागितल्याशिवाय येणार नाही, असं धरूनच चला आणि मागा. एका वाड्यानं मागून भागणार नाही. पाच-सहा वाड्यांनी मिळून, मेंढ्यांची संख्या लिहून, दवाखान्यात लेखी मागणी द्या. ती लस थंडीतच टिकते, म्हणून बर्फाच्या डब्यातून आलेलीच टोचून घ्या. उन्हात फिरवलेली लस टोचून घेतली तर पैसेही जातील आणि विश्वासही जाईल.

लशीनं काय होऊ शकतं, ते युरोपनं पाहिलं. ऑगस्ट २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये हा रोग एकाएकी उमटला. इतक्या उत्तरेला, थंड देशांत, तो कधी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिथल्याच स्थानिक चिलटांनी तो उचलला आणि पुढच्याच वर्षी तो समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये पोहोचला. हलकं चिलट वाऱ्याबरोबर समुद्रावरूनही वाहत जातं. २००८ मध्ये त्या देशांनी मोठ्या प्रमाणावर लसीकरण केलं आणि साथ आटोक्यात आली. मग सप्टेंबर २०२३ मध्ये नेदरलँड्समध्येच वेगळा उपप्रकार आला, तेव्हा त्यावरची लस हाताशी नव्हती, आणि हजारो मेंढ्या मेल्या. बंदिस्त गोठे, दारात डॉक्टर, जनावरागणिक नोंदी, हे सगळं असून त्यांची ही गत झाली. आपली मेंढरं तर उघड्या आभाळाखाली वाघरीत झोपतात.

दुसरं मागणं रात्रीच्या तळाविषयी आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही. चिलट कमजोर उडतं, वारा असला की त्याला उडवत नाही. म्हणून पावसाळ्यात वाघर लावायची ती उंचवट्यावर, वारा खेळेल अशा जागी. ओढ्याकाठी, तळ्याच्या कडेला, भाताच्या खाचराशेजारी, उसाला पाणी दिलेल्या रानाला लागून लावू नये. दक्षिण आफ्रिकेतले मेंढपाळ रोगाचं कारण कळण्याच्याही आधीपासून मेंढ्या उंच कुरणांवर नेत आणि अंधार पडण्याआधी निवाऱ्यात घेत, आणि त्यांना त्याचा फायदा होत असे. दिवस मावळायच्या आत मेंढरं तळावर यावीत. जिथे पक्का निवारा आहे तिथे निदान कोकरं, गाभण मेंढ्या आणि बीजाचे मेंढे आत घ्यावेत. चिलटं उजेडाकडे येतात, त्यामुळे बॅटरीचा दिवा वाघरीच्या डोक्यावर टांगू नका, लांब बाजूला ठेवा. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करत असाल तर जरूर करा, त्यानं त्रास कमी होतो, पण त्याच्या भरवशावर लस टाळू नका. तळाभोवती पाणी साठत असेल तर चर काढून वाट करून द्या. शेणामुताचा चिखल होऊ देऊ नका, दोन-चार दिवसांनी जागा बदला.

औषधाच्या फवाऱ्याबद्दल एक कळकळीची विनंती. कपाशीवर किंवा उसावर मारायचं औषध मेंढरांच्या अंगावर मारू नका. त्यात मेंढरं मरतात, मारणारा माणूस आजारी पडतो, आणि अंग धुतलेलं पाणी ओढ्यात गेलं तर मासेही मरतात. जनावरांसाठी असलेलं डेल्टामेथ्रीन किंवा सायपरमेथ्रीन डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच वापरायचं. त्यानं गोचीड कमी होतात, चिलटांवर मात्र त्याचा असर थोडाच वेळ आणि अर्धवटच होतो. फवारलं म्हणजे काम झालं, असं मानू नका.

सुईचंही सांगायला हवं. एकाच सुईनं अख्खा कळप टोचायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. आजारी मेंढीचं रक्त लागलेली सुई तेच काम करते जे चिलट करतं. कळपात एक जरी तापाची मेंढी असेल तर जंताचं, पीपीआरचं, कसलंही इंजेक्शन देताना दर मेंढीला वेगळी सुई घ्या, निदान उकळून घेतलेली. टोचायला आलेल्या माणसाला हे विचारायला संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे.

आणि तरीही मेंढी आजारी पडलीच, तर? या रोगावर विषाणू मारणारं औषध नाही, पण सेवेनं बरीच मेंढरं वाचतात. आजारी मेंढी कळपातून बाजूला, सावलीत ठेवा, कारण कडक उन्हानं तोंडाचे आणि कातडीचे घाव चिघळतात. तिला चालवू नका. कोवळा पाला, भिजवलेला कोंडा, पातळ पेज द्या, कारण तोंड आल्यामुळे ती भूक असूनही खाऊ शकत नाही. पाणी तोंडाजवळ नेऊन पाजा. लाल पोटॅशच्या अगदी फिकट पाण्यानं तोंड आणि खूर धुवा. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत, ती मागून येणाऱ्या न्यूमोनियासारख्या आजारांसाठी असतात आणि ती डॉक्टरांनीच द्यावीत. वाड्यावर कोकरांपाशी आणि आजारी मेंढरांपाशी दिवसभर बाई असते. पहिली सुस्त मेंढी तिलाच दिसते. म्हणून ही माहिती बायकांपर्यंत पोहोचली नाही तर पोहोचलीच नाही, असं समजा.

मेंढी मेली तर ती नाल्यात टाकू नका, कुत्र्यांना घालू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. शवविच्छेदनातून रोग कळायला मदत होते, आणि विमा असेल तर त्याचा दाखला लागतो. मग खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरा.

आता जे सांगायचं आहे ते सगळ्यात अवघड आहे, आणि ते मेंढपाळांपेक्षा गावाला सांगायचं आहे. वाड्यावर रोग आला की मेंढपाळ तो लपवतो. का लपवतो, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कळलं की गाव म्हणतं, उचला वाडा, निघा शिवाराबाहेर. मग तो रातोरात निघतो, लंगडणारी मेंढरं हाकत, आणि जाताना तोच विषाणू पुढच्या गावच्या चिलटांच्या स्वाधीन करतो. किंवा आजारी मेंढरं मिळेल त्या भावात बाजारात नेतो. लोणंद, आटपाडी, सांगोल्यासारख्या बाजारांत चार जिल्ह्यांची मेंढरं एकत्र येतात, आणि तिथून रोग चार जिल्ह्यांत जातो. हाकलून दिलेला वाडा रोग घेऊनच हिंडतो, आणि एका जागी थांबवलेल्या वाड्यापाशी डॉक्टर पोहोचू शकतो. हा रोग माणसांना होत नाही. एका मेंढीची लाळ लागून दुसरीला सहसा होत नाही. मध्ये चिलट लागतं. मग गावानं घाबरायचं कशाला? ज्या शेतकऱ्यानं खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवली, त्यानं मेंढरं आजारी पडल्यावर त्याच रानात आणखी पंधरा दिवस त्यांना थांबू द्यावं, कोरडी जागा आणि पाणी द्यावं. माझं गावाकडे मागणं एवढंच आहे. यंदाच्या पावसाळ्यात एकाही आजारी वाड्याला कुणी हाकलू नये.

कायदाही याच बाजूचा आहे. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात निळ्या जिभेचा रोग नोंदवण्याच्या रोगांच्या यादीत आहे. रोगाची शंका आली तर मालकानं ती कळवायची आहे, आणि कळवल्यानंतर नमुना घेऊन निदान करणं हे पशुसंवर्धन खात्याचं काम आहे. गाईंच्या लम्पी रोगाच्या वेळी, २०२२ मध्ये, हे सगळं आपण केलंय. चावणाऱ्या माश्या आणि डास तो रोग पसरवत होते, बाजार बंद झाले, गावोगाव गाईंना लस टोचली गेली, तरुण पोरं स्वतःहून फवारणीला उतरली. गाईंसाठी जे झालं ते मेंढरांसाठी का होऊ नये? मेंढी गोठ्यात दिसत नाही, दूध डेअरीला घालत नाही, आणि तिचा मालक ग्रामसभेच्या दिवशी शंभर कोसांवर असतो. त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं.

खात्याकडे आणि मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे आमचं मागणं असं की पावसाळ्याच्या आत तालुक्याच्या दवाखान्यांत या लशीचा साठा असावा आणि वाड्यांच्या वाटांवर, घाटाच्या तोंडाशी, लसीकरणाची शिबिरं लागावीत. मेंढपाळ फिरता आहे, म्हणून शिबिरही त्याच्या वाटेवर हवं. ऑस्ट्रेलियात काही ठिकाणी ठरावीक गुरांचं रक्त नेमानं तपासतात आणि दिव्याचे सापळे लावून चिलटं पकडतात, म्हणजे विषाणू कुठपर्यंत आला आहे ते मेंढ्या आजारी पडण्याआधीच कळतं. आपल्याकडे दुष्काळी पट्ट्यातल्या पाच-दहा गावांत असं करायला फार मोठा खर्च लागणार नाही. पशुवैद्यक महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम करू शकतात.

गोचिडांविषयी लिहिल्याशिवाय थांबता येत नाही, कारण तिथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. गोचीड खरं तर कीटक नव्हे, तो कोळ्याच्या कुळातला आठ पायांचा जीव. पण मेंढरांचं रक्त तोही पितो, आणि काही जातीचे गोचीड काँगो तापाचा विषाणू वाहतात. या तापात मेंढी-शेळी आजारी दिसतच नाही. माणूस मात्र मरू शकतो. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळ भारतातली त्याची पहिली साथ पक्की झाली, निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं केलं, आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्यात गेले. म्हणून मेंढीच्या कानातला गोचीड उपटून नखांवर चिरडायची सवय आजच सोडा. चिमट्यानं किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तो काढा, रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात टाका, हात धुवा. मेंढी कापताना, वेत सोडवताना उघड्या जखमेला रक्त लागू देऊ नका. मेंढरांत वावरणाऱ्या माणसाला एकाएकी जोराचा ताप आला, अंग मोडून आलं, हिरडीतून किंवा नाकातून रक्त आलं, तर सरकारी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना आपणहून सांगा की हा माणूस मेंढरांत असतो. हे एक वाक्य डॉक्टरांचा आणि त्यांच्या परिचारिकांचाही जीव वाचवू शकतं.

शिकलेल्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी वेगळं काम आहे. तुमच्या मामाचा, चुलत्याचा वाडा कुठल्या शिवारात उतरला आहे ते तुम्हाला फोनवर कळतं. त्यांना हे वाचून दाखवा, किंवा बोलून मोबाइलवर पाठवा. त्यांच्या मेंढ्या किती, गाभण किती, गेल्या पावसाळ्यात किती गेल्या आणि कशा गेल्या, हे एका वहीत लिहून ठेवा. सुजलेल्या तोंडाचा, खुराच्या लाल रेघेचा फोटो काढून तो दिवस-वार घालून जवळच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना पाठवा. मेंढपाळाचं तोंडी सांगणं पुष्कळदा हवेत विरतं. कागदावरची नोंद साहेबालाही बाजूला ठेवता येत नाही.

फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२ आहे, तो फुकट लागतो. वाडा ज्या गावात उतरला आहे त्या गावाचं नाव, मेंढ्यांची संख्या आणि लशीची मागणी त्या क्रमांकावर सांगा, आणि तीच मागणी लेखी स्वरूपात जवळच्या दवाखान्यात देऊन पोच घ्या. सरपंचांनी येत्या ग्रामसभेत आपल्या शिवारातल्या वाड्यांची यादी करावी, त्यांना रात्रीसाठी उंच कोरडी जागा नेमून द्यावी आणि लसीकरणाचा दिवस ठरवून दवंडी द्यावी. हे सगळं मृगाचा पाऊस पडायच्या आत व्हायला हवं.